जब्दीच्या तारवातील मजूर

(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवातील सभेत धर्मगुरूंनी दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीच्या सभेत वक्त्याने काय बोलावे याचा एक परिपाठ पडून गेला आहे. ज्या पूर्वजांनी देवमंदिर उभारले त्यांचे स्मरण करावे, ज्या धर्मगुरूंनी येथे सेवा केली त्यांची नावे घ्यावीत, आणि उपस्थितांचे आभार मानून खाली बसावे. हा परिपाठ योग्यच आहे, व आमच्यापूर्वी बोललेल्या वक्त्यांनी ते कर्तव्य उत्तम रीतीने पार पाडले आहे. म्हणून आमच्या वाट्यास आलेला वेळ आम्ही अशा लोकांविषयी बोलण्यात खर्च करणार आहोत, की ज्यांचे नाव या महोत्सवाच्या कोणत्याही यादीत आलेले नाही. आणि तरीही ज्यांच्या हातांवाचून आपल्या गावची एकही होडी समुद्रात लोटली जात नाही.

संत मार्क यांच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात प्रभू येशू गालील समुद्राच्या काठाने चालला असता याकोब व योहान या दोघा भावांस हाक मारतो, ही कथा आपल्या गावातील लहान मुलासही पाठ आहे. आपण कोळी लोक. तेव्हा जाळी नीट करीत बसलेल्या त्या दोघांविषयी आपणांस विशेष आपुलकी वाटावी हे स्वाभाविकच होय. परंतु त्याच कथेच्या शेवटी, विसाव्या ओवीत, संत मार्क एक बारीकशी गोष्ट सांगून जातो. दोघे भाऊ आपला बाप जब्दी यास तारवात सोडून निघाले, पण तो एकटा राहिला नाही. त्याच्याजवळ मजूर होते. आम्ही इतकी वर्षे या कथेवर प्रवचने केली. याकोबावर बोललो, योहानावर बोललो, म्हाताऱ्या जब्दीच्या त्यागावरही बोललो. त्या मजुरांवर एकदाही बोललो नाही. त्यांची नावे काय होती, त्यांस रोज किती मिळे, मालकाचे मुलगे निघून गेल्यावर त्यांचे काय झाले, हे कोणी विचारीत नाही. आज आपण ते विचारू या.

आपल्या पालीच्या होड्यांवर हे मजूर कोण आहेत, ते आपण सर्व जाणतो. एके काळी होडीवरील हात म्हणजे घरचेच हात असत. बाप, भाऊ, मेहुणे, भाचे मिळून डोल समुद्रात घालीत आणि आलेल्या मासळीचे वाटे करीत. वाटा लहान असो वा मोठा, तो वाटा होता. मासळी आली तर सर्वांस आली, आणि न आली तर कोणासच न आली. पुढे मुले शिकली, कचेऱ्यांत गेली, परदेशी गेली, आणि त्याबद्दल आपण देवाचे आभारच मानतो. पण डोल ओढावयास हात तर हवेतच. मग डहाणू-तलासरीकडील आदिवासी बांधव आले, उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड या दूरच्या प्रांतांतील तरुण आले. ऑगस्टात हंगाम सुरू व्हावयाच्या आधी त्यांस उचल द्यावयाची, मे महिन्याच्या अखेरीस होड्या वर ओढल्यावर हिशेब करावयाचा, आणि मधल्या काळात खाणेपिणे होडीवरच. वाट्याची जागा पगाराने घेतली, आणि पगाराची जागा पुष्कळदा उचलीने घेतली. लेखी काही नाही. जे काही आहे ते नाखव्याच्या वहीत, आणि ती वही नाखव्याच्या घरी.

हा व्यवहार अन्यायाचाच होता असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळ नाखवे आपल्या खलाशास घरच्यासारखे वागवितात, त्याच्या आजारपणात त्यास डॉक्टरकडे नेतात, त्याच्या बहिणीच्या लग्नास पैसे देतात. चांगल्या दिवसांत हा व्यवहार विश्वासावर चालतो. परंतु व्यवहाराची परीक्षा वाईट दिवसांत होते, आणि ते दिवस २०२० साली आले.

त्या वर्षी १३ मार्च रोजी महाराष्ट्र शासनाने साथरोगाचा कायदा लागू केला. २२ मार्चला जनता संचारबंदी झाली, २४ च्या रात्री पंतप्रधानांनी साऱ्या देशात टाळेबंदी जाहीर केली, आणि ती घोषणेनंतर चार तासांत अंमलात आली. आमच्या देवमंदिराच्या दारास कुलूप लागले. झावळ्यांच्या रविवारी झावळ्या नव्हत्या. पुनरुत्थानाचा सण १२ एप्रिलला आला, पण घंटा रिकाम्या अंगणावर वाजली. होड्या किनाऱ्यास उभ्या राहिल्या. १० एप्रिल रोजी, म्हणजे गुड फ्रायडेच्याच दिवशी, केंद्र सरकारने मासेमारीस टाळेबंदीतून सूट दिली खरी. पण समुद्र मोकळा झाला म्हणून बाजार मोकळा होत नाही. बर्फाची सोय नाही, गाड्या नाहीत, गिऱ्हाईक घरात कोंडलेले, आणि आपल्या कोळणींनी पाटी घेऊन जावे तर लोकल गाड्या सामान्य प्रवाशांस महिनोन्‌महिने बंद. बोंबील वलांडीवर वाळले, पण सुक्या मासळीचा बाजार भरेना. तशात ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळले. त्याच्या आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात क्यार आणि महा या दोन वादळांनी हंगामाचे चांगले दिवस खाल्लेच होते.

या सर्व काळात खलाशी कोठे होता? तो होडीत होता. आपणांस घर होते व त्या घरात राहा असा हुकूम होता. त्याचे घर शेकडो कोस दूर, आणि येथे त्याचे काम हेच त्याचे घर. शिधापत्रिका असलीच तर ती गावच्या पत्त्यावर. होडी उभी राहिली की पगार उभा राहिला, आणि खाणे मात्र चालूच राहिले. म्हणजे उचलीवर उचल चढत गेली. ही गोष्ट केवळ आपल्या खाडीची नव्हे. गुजरातेतील वेरावळ बंदरात आंध्र प्रदेशाचे हजारो खलाशी आठवडेच्या आठवडे बोटींवर दाटीवाटीने अडकून पडले, व एप्रिलच्या अखेरीस त्यांस बसगाड्यांनी घरी नेण्यात आले. आपल्याच पालघर जिल्ह्यातील खलाशी गुजरातेच्या बंदरांतून परत आले, तेव्हा त्यांस आपल्या मायभूमीच्या किनाऱ्यावर उतरण्याचीही सहजासहजी मुभा मिळाली नाही. समुद्रात मासळी धरणारा माणूस जमिनीस परका झाला.

आणि जे जमिनीवर होते, त्यांचे काय? काशिमिऱ्याच्या महामार्गावरून डोक्यावर बोचके व काखेत मूल घेऊन उत्तरेकडे चालत गेलेली माणसे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांत पॉलिश करणारे, इमारतींवर विटा वाहणारे, हॉटेलांत बश्या धुणारे असे ते लोक होते. त्याच वर्षी ८ मे रोजी पहाटे, जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात काम करणारे १६ मजूर औरंगाबादजवळ करमाडनजीक रेल्वेच्या रुळांवर मालगाडीखाली सापडून मरण पावले. ते मध्य प्रदेशातील आपल्या गावी निघाले होते. चालून थकले आणि गाड्या बंद आहेत असे समजून रुळांवरच निजले. रुळांवर पसरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचे चित्र साऱ्या देशाने पाहिले. ज्या विषाणूच्या भयाने देश घरात बसला होता, त्या विषाणूने त्यांस मारले नाही. त्यांच्या हातास दुसऱ्या दिवसाचे काम नव्हते, व काम नाही म्हणून राहावयास जागा नव्हती, यानेच त्यांस मारले.

येथे आम्हांस एक गोष्ट स्पष्ट करावयाची आहे. महामारी सर्वांस सारखी, राजास व रंकास एकच, असे आपण बोलून जातो. रोग शरीरात शिरताना पगार विचारीत नाही, हे खरे. परंतु रोगापासून दूर राहण्याची किंमत मात्र पगारावरच अवलंबून असते. ज्यास महिन्याचा पगार आहे, रजा आहे, खोलीस खोली लागून आहे, तो दूर राहू शकतो. ज्याचे पोट हातावर आहे, त्यास दूर राहणे म्हणजे उपाशी राहणे. २०१८-१९ च्या सरकारी पाहणीत असे दिसून आले होते की, शेतीबाहेरील कामांत नियमित पगार घेणाऱ्या नोकरांपैकीही शेकडा सुमारे ७० जणांपाशी लेखी करार नव्हता. हे नियमित पगारदारांविषयी. मग रोजंदारीवाल्यांची कथा काय सांगावी! २९ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने असा हुकूम काढला की, टाळेबंदीच्या काळातील मजुरी मालकांनी न कापता द्यावी. हुकूम चांगला होता. पण ज्याचे नाव कोणत्याच कागदावर नाही, त्याने तो हुकूम कोणाच्या दारी घेऊन जावा? आणि १८ मेपासून तो हुकूमही राहिला नाही.

हे दुःख नवे नाही. आपल्या आजी-पणजींनी ज्या ‘मरी’च्या गोष्टी सांगितल्या, ती प्लेगची साथ मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्रकटली, आणि तिचे निदान प्रथम केले ते गोव्याचे एक कॅथलिक सुपुत्र डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. १८९१ च्या खानेसुमारीत आठ लाखांहून अधिक वस्ती असलेल्या त्या शहरातून काही महिन्यांत जवळजवळ निम्मे लोक पळून गेले. साष्टीच्या गावोगावी त्या काळी उभारलेले क्रूस आजही आपण पाहतो व त्यांपुढे जपमाळ म्हणतो. १८९७ च्या फेब्रुवारीत ज्या साथरोग कायद्याचा जन्म झाला, तोच कायदा सव्वाशे वर्षांनी आपल्यावर लागू झाला. पण त्या इतिहासातील एक प्रकरण आपणांस कोणी सांगितलेले नाही, ते आम्ही आज सांगतो.

शहर रिकामे होऊ लागले तेव्हा अधिकाऱ्यांस सर्वांत मोठे भय कशाचे वाटले? सफाई करणारे कामगार निघून जातील याचे. ज्यांच्या सावलीसही लोक दूर सरत, ते गेले तर शहर राहण्याजोगे उरणार नाही, हे एका रात्रीत सर्वांस कळून चुकले. गिरण्यांचेही तसेच झाले. गिरणीकामगाराचा पगार महिन्याने व तोही मागाहून मिळे, म्हणजे मालकाकडे त्याचे काही आठवड्यांचे पैसे नेहमी अडकलेले असत. प्लेगच्या दिवसांत मजूर मिळेनात, तेव्हा गिरण्या एकमेकींशी चढाओढ करू लागल्या. रस्त्याच्या नाक्यावर मजुरांची जणू बोली लागली, आणि कामगारांनी मागितली तशी रोजची मजुरी रोज द्यावी लागली. जे अशक्य म्हणून सांगितले जात होते, ते शक्य ठरले. परंतु साथ ओसरली, माणसे परतली, आणि मालकांनी पूर्वीचीच महिन्याची रीत पुन्हा बसविली. गरज सरो आणि वैद्य मरो, ही आपल्या भाषेतील म्हण उगीच पडलेली नाही.

पुढे १९१८ साली इन्फ्लुएंझा आला. मुंबईत त्या तापाने युरोपियनांपैकी हजारी सुमारे ८ माणसे मेली. आणि ज्या जातींस त्या काळी कनिष्ठ म्हणत, व ज्यांच्या माथी सर्वांत हलक्या मजुरीची कामे होती, त्यांच्यापैकी हजारी ६१ हून अधिक मेली. ताप एकच होता. फरक होता तो खोलीचा, ताटाचा आणि रजेचा.

आता कोणी नाखवा मनातल्या मनात म्हणत असेल की, “फादर, आमचेही दिवाळे निघाले होते. आमचे कर्ज कोणी पाहिले?” हा प्रश्न न्याय्य आहे व आम्ही तो टाळणार नाही. आपल्या गावचा नाखवा म्हणजे मुंबईचा गिरणीमालक नव्हे. त्याने होडीवर कर्ज काढले, डिझेल उधार आणले, जाळी वादळात गमावली. त्याची पत्नी पाटी घेऊन उन्हात उभी राहते. तिलाही रजा नाही, पगार नाही. २०२१ च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेचे मरण घरोघरी रडत असताना, तौक्ते वादळ पुन्हा याच किनाऱ्यावरून गेले. २७ मार्च २०२० च्या संध्याकाळी प्रभुवासी पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या पावसात, निर्जन चौकात उभे राहून साऱ्या जगास सांगितले की, आपण सर्व एकाच होडीत आहोत. आम्हां कोळ्यांइतके हे वचन कोणास समजावे? पण होडीत बसलेल्या माणसासच हेही ठाऊक असते की, एकाच होडीत सर्वांची जागा सारखी नसते. वादळ शमल्यावर नाखव्यापाशी, मोडकी का होईना, होडी उरते. गावात घर उरते. सोसायटीत नाव उरते. खलाशापाशी उरते ती दुसऱ्याच्या वहीतील एक रक्कम, आणि तीही उलट्या बाजूची.

त्या दिवसांत आपण काय केले? आपण धान्य वाटले. गावातील तरुणांनी जिवावर उदार होऊन पिशव्या घरोघरी व होडीहोडीवर पोहोचविल्या, त्या पुण्याचा हिशेब देवापाशी आहे. आम्हीही त्यांच्याबरोबर किनाऱ्यावर जात असू. एके संध्याकाळी एका खलाशाच्या हाती आम्ही तांदळाची पिशवी दिली. तो डहाणूकडील, वयाने आमच्याच जवळपासचा. त्याने पिशवी दोन्ही हातांनी घेतली, कपाळास लावली, आणि मग खाली पाहून हळूच विचारले, “फादर, तांदूळ मिळाला. हिशेब केव्हा व्हायचा?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही म्हणालो, “होईल, देव आहे.” बंधूंनो, देव आहे हे सत्य आहे, पण त्या क्षणी ते सत्य आम्ही ढालीसारखे पुढे केले, हे आज या व्यासपीठावरून कबूल करतो. त्या माणसास दान नको होते असे नाही. भूक होती, दान हवेच होते. पण त्याने मागितला तो हिशेब, आणि आम्ही दिला तो आशीर्वाद.

दान आणि देणे या दोन वस्तू भिन्न आहेत, ही ख्रिस्तसभेची आजकालची शिकवण नव्हे. मोशेच्या नियमशास्त्रात, अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात, गरीब मोलकऱ्याची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, तो परका असला तरी द्यावी, कारण त्याचा जीव तीवर लागलेला असतो, असा दंडक आहे. अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते व ती आरोळी देवाच्या कानी जाते, असे संत याकोब आपल्या पत्रात बजावितो. १८९१ साली, म्हणजे मुंबईच्या प्लेगच्या पाच वर्षे आधी, पोप तेरावे लिओ यांनी आपल्या विख्यात परिपत्रकात सांगितले की, उपाशी माणसाने नाइलाजाने मान्य केलेला करार केवळ मान्य केला म्हणून न्याय्य ठरत नाही. आणि २०२० च्या पुनरुत्थान-सणाच्या दिवशी, आमची देवमंदिरे बंद असताना, पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या लोकचळवळींस पत्र लिहून हक्काविना राबणाऱ्या मजुरांसाठी एका सार्वत्रिक मूळ वेतनाचा विचार करण्याची वेळ आली आहे, असे सुचविले. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील अकराव्या तासाचे मजूर आपणांस आठवत असतील. ते दिवसभर का उभे होते? आळशी होते म्हणून नव्हे. कोणी कामास लावले नाही म्हणून. आणि मळ्याच्या धन्याने त्यांस दिवसाचे पोट भरेल इतके दिले.

कोणी म्हणेल, हे शास्त्र ठीक, पण व्यवहारात असे चालते काय? चालते, आणि आपल्याच महाराष्ट्रात चालले आहे. मुंबईच्या गोद्यांत व बाजारांत पाठीवर ओझी वाहणारा माथाडी कामगार हा एके काळी सर्वांत निराधार मजूर होता. आज या दुकानी, उद्या त्या वखारीत, त्याचा मालक कोण हेच ठरेना. अण्णासाहेब पाटील यांच्या पुढारीपणाखाली त्या कामगारांनी चळवळ केली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्याची युक्ती साधी होती. मजुरी व तीवरील वर्गणी मालकांनी एका मंडळाकडे भरावयाची, आणि मंडळाने मजुरास पगार, भविष्यनिर्वाह निधी, औषधपाणी द्यावयाचे. मालक बदलला तरी मजुराचे नाव मंडळाच्या वहीत कायम. आणि आपल्या शेजारी वसईत, १९१८ साली, इन्फ्लुएंझाच्याच त्या वर्षी, मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी गरीब ख्रिस्ती शेतकऱ्यांस सावकाराच्या कचाट्यातून सोडविण्यासाठी एक लहानशी सहकारी पतसंस्था काढली. ती आज बॅसीन कॅथलिक बँक म्हणून सर्वांस परिचित आहे. तेव्हा धर्मगुरूने हिशेबाच्या वहीत डोके घालू नये, असे आम्हांस कोणी सांगू नये. आमच्याहून थोर धर्मगुरूंनी ते घातले आहे.

आता शेवटची गोष्ट, आणि तीसाठीच हे सारे बोलणे होते. आपण ज्युबिली साजरी करीत आहोत. पण ज्युबिली हा शब्द कोठून आला? लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायातून. पन्नासावे वर्ष आले की देशभर शिंग फुंकावयाचे; ज्याची जमीन गेली त्यास ती परत; जो कर्जापायी दुसऱ्याचा चाकर झाला, त्याने मुक्त होऊन आपल्या घरी जावयाचे. रोषणाई, बँड, भोजन यांचा तेथे उल्लेख नाही. ज्युबिली म्हणजे वहीतील रेघ मारून टाकलेले कर्ज. आम्ही ऐकतो की, २०२० च्या त्या थांबलेल्या हंगामातील उचल अजूनही काही वह्यांत पुढे ओढली जात आहे. एप्रिल-मे महिन्यांत होडी उभी होती म्हणून जे काम झाले नाही, त्याचे ओझे खलाशाच्या नावावर, आणि काही ठिकाणी बापाचे मुलाच्या नावावर, चढले आहे. ज्या समुद्रात जाण्यास सरकारने मना केले, त्या समुद्रात न गेल्याचा दंड त्याने भरावा काय?

उपदेश करणाऱ्याने आधी आपली वही उघडावी, म्हणून या व्याख्यानापूर्वी आम्ही धर्मग्रामाच्या कचेरीतील त्या वर्षांच्या वह्या काढून पाहिल्या. टाळेबंदीपूर्वी दर सणास आपण मांडव घालणाऱ्यास, बँडवाल्यांस, अंगण झाडणाऱ्या बाईस, खड्डे खणणाऱ्या गड्यास पैसे देत आलो आहोत. सण बंद झाले तेव्हा ती पाने कोरी राहिली. वर्षानुवर्षे आपल्या दारी राबणारी ही माणसे त्या दीड-दोन वर्षांत कशावर जगली, हे आम्ही कधी विचारले नाही. आणि मागच्या पानांवर त्यांचा शोध घेतला, तेव्हा रकमा सापडल्या. नावे सापडली नाहीत. ‘मांडव’, ‘सफाई’, ‘खड्डा’, एवढेच लिहिलेले. आम्ही मजुरास कामाच्या नावाने हाक मारीत होतो. या दोषाचा वाटा प्रथम आमचा आहे.

म्हणून धर्मग्राम-समितीच्या संमतीने आम्ही येथे जाहीर करतो की, या महोत्सवाच्या रोषणाईचा खर्च कमी करून उरलेली रक्कम एका आपत्काल निधीत ठेवण्यात येईल. धर्मग्रामासाठी रोजंदारीने काम करणाऱ्या प्रत्येकाचे नाव येत्या रविवारपासून वहीत लिहिले जाईल, आणि पुन्हा कधी साथीने वा वादळाने दारे बंद झाली, तर त्या नावांस त्या निधीतून त्यांचे देणे पोहोचेल. ते दान म्हणून नव्हे, देणे म्हणून.

आणि नाखव्यांस आम्ही हात जोडून तीन गोष्टी मागतो. पहिली ही की, २०२० च्या बंद दिवसांची जी उचल अजून कोणाच्या नावावर उभी असेल, तिच्यावर या ज्युबिलीत रेघ मारावी. दुसरी ही की, येत्या हंगामापासून प्रत्येक खलाशास त्याचा पगार, उचल व हिशेबाचा दिवस लिहिलेला एक कागद द्यावा, आणि तो कागद त्याच्यापाशी राहावा. त्यास वाचता येत नसेल तर आमच्या कचेरीत येऊन तो आमच्या तोंडून ऐकावा. तिसरी ही की, केंद्र सरकारने २०२१ च्या ऑगस्टात असंघटित मजुरांसाठी जी ई-श्रम नोंदणी सुरू केली, तीत देशभर ३० कोटींहून अधिक नावे चढली आहेत. त्यांत आपल्या होड्यांवरील एकही नाव राहून जाऊ नये. आपले तरुण पिशव्या वाटावयास धावले होते, तेच या कामासही बसतील अशी आम्हांस खात्री आहे.

हे सर्व अवघड आहे काय? आहे. एखाद्या नाखव्यास ती रेघ मारताना खरोखरच तोटा सोसावा लागेल, आणि ज्यास ते अगदीच न पेलेल, त्याने संकोच न करता आमच्याकडे यावे. निधी त्याच्यासाठीही आहे. पण याकोब आणि योहान यांनी एका हाकेसरशी सबंध तारू सोडले. आपणांस तर फक्त वहीचे एक पान सोडावयाचे आहे.

तो डहाणूचा खलाशी त्यानंतर पालीस परत आलेला आम्ही पाहिला नाही. त्याचा हिशेब झाला की नाही, हे आम्हांस सांगता येत नाही. परंतु त्याचा प्रश्न मात्र येथेच, आपल्या किनाऱ्यावर, राहिला आहे. पुढील ज्युबिलीस आपल्यापैकी पुष्कळजण नसतील, आम्ही तर नसूच. त्या वेळी या व्यासपीठावर जो कोणी उभा राहील, त्याच्या हाती जी यादी असेल, तीत नाखव्यांच्या नावांखाली खलाशांचीही नावे असावीत, एवढीच आमची प्रार्थना आहे.

आपला तारणारा प्रभू येशू, ज्याने स्वतः सुताराच्या घरी मोलाने काम केले, तो आपणां सर्वांस ही बुद्धी देवो. आणि समुद्रतारा पवित्र मरिया आपल्या होड्यांचे व त्या होड्यांवरील प्रत्येक हाताचे रक्षण करो. आमेन.